मोटारीच्या दोन सीटा

भैंसा, १८ जानेवारी १९३८

अनंतराव,

दीड महिना तुम्हाला पत्र नाही. काय लिहावे ते सुचत नव्हते. विठ्ठल तुमचा एकुलता मुलगा, पण आमच्याही घरातला. त्याची आई गेल्यावर कौशल्येने चार वर्षे त्याला इथे वाढवला, मावशीची आई झाली, हे मी तुम्हाला सांगायला नको. झाले ते झाले. गाडी तो चालवत होता, पण असे मुद्दाम कोणी करत नाही. माझ्या मनात त्याच्याबद्दल राग नाही, आणि गाडीबद्दल तर मुळीच नाही.

त्या गाडीचेच एक काम तुमच्याकडे आहे. इंजिन शाबूत आहे. पुढचा पत्रा, दिवे आणि एक चाक गेले होते, ते नागपूरच्या मिस्त्रीने नवे बसवले. पूर्वीपेक्षा जास्त पळते. पण दोन्ही सीटा बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यांत आता कोण बसणार? आमच्या सुधाकरने मुंबईहून चित्रांचे पुस्तक मागवले आहे. शर्यतीच्या मोटारीला हल्ली खोलगट सीटा लावतात म्हणे, दोन्ही बाजूंनी कंबर धरून ठेवणाऱ्या. वळणावर माणूस जागचा हलत नाही. एप्रिलात हैदराबादला मोटारींची शर्यत आहे, तोवर काम व्हायला हवे.

तुम्ही तीस वर्षे रेल्वेच्या कारखान्यात पहिल्या वर्गाच्या डब्यांच्या गाद्या केल्या. साडूच्या घरात एवढा जाणता माणूस असताना मी दारोदार कशाला हिंडू? कातडे कोणते, आत काय भरायचे, शिवण कशी, रंग कोणता, सगळे तुम्हीच निवडा. तुम्हालाही तेवढाच विरंगुळा.

अमृतराव


आदिलाबाद, २६ जानेवारी १९३८

अमृतराव,

पत्र मिळाले. दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा वाटले की आपण काही चुकीचे वाचत आहोत. ज्या सीटवर माझा मुलगा मेला तिच्या जागी कोणती शोभेल, असे तुम्ही मला विचारता, आणि त्याला विरंगुळा म्हणता. पत्र खाली ठेवून मी हात धुतले.

नाही म्हणून कळवायला बसलो होतो. पण तो हक्क मला नाही. पंचनाम्यात लिहिले आहे की गाडी विठ्ठल चालवत होता, इचोड्याच्या पुढे त्याने फकिराच्या बंडीला मागून धडक दिली, त्यात फकिरा गेला, एक बैल गेला आणि तो स्वतः गेला. शेजारी बसलेला तुमचा मुलगा बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी उर्दूतला कागद मला वाचून दाखवला आणि खाली माझी सही घेतली. माझ्या मुलाने तुमची गाडी मोडली आणि एका माणसाचा जीव घेतला. उद्या तुम्ही मला त्या गाडीची चाके धुवायला सांगितलीत तरी मला धुवावी लागतील.

इथे काय चालले आहे तेही ऐका. फकिरा आमच्या शेजारच्या मावला गावचा. चौदाव्याला मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको मनकर्णा दारात उभी राहिली. आत या म्हणाली नाही. म्हणाली, "मास्तर पोराईले शिकवत व्हता नं? मंग त्याले येवढं नोतं समजत का, का रस्त्यावर मानसं राह्यते?" मी परत फिरलो. आदिलाबादेत भाजी मावल्याहून येते. सून मीनाक्षी बाजारात गेली की तिथल्या बायका टोपलीवर फडके ओढतात. एकजण म्हणाली, "तुमच्या घरच्याले आमी नाई देत, बाई. पुढं व्हा." मीनाक्षीने बाजारात जाणे सोडले. शेजारच्या देवकाबाई आपली म्हणून भाजी घेतात आणि अर्धी आम्हाला देतात. विठ्ठल ज्या शाळेत आठ वर्षे शिकवत होता, तिथली मुले आता त्याचे नाव शिवीसारखे घेतात.

कामापुरते लिहितो. नुसत्या मापांवर सीट होत नाही. जुनी सीट उसवायची, तिचे तुकडे नव्या कातड्यावर मांडायचे आणि त्यावरून कापायचे, ही रीत आहे. दोन्ही जुन्या सीटा लॉरीबरोबर पाठवा. रंगाचे मला विचारू नका.

अनंतराव


भैंसा, ५ फेब्रुवारी १९३८

अनंतराव,

तुम्ही काम घेतलेत, फार बरे वाटले. मावल्याच्या लोकांचे मनावर घेऊ नका. गावंढळ माणसे, चार महिन्यांत विसरतील. मी मनकर्णेला बैल घेऊन दिला आहे.

रंगाचा प्रश्न सुधाकरने सोडवला. त्याला लाल हवा, गडद लाल. डाग पडला तरी दिसून येत नाही असे पुस्तकातही छापले आहे. कातड्यावरून घरात मजा झाली. कौशल्या म्हणाली, गाईचे कातडे मी उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. मी म्हटले, बरे, शेळीचे घेऊ. तर म्हणते, "काऊन? शेळीला जीव नसते?" सुधाकर म्हणाला, "आई, मंग गवताच्या पेंढीवर बसून शर्यतीला जाऊ का?" पोटभर हसलो. बऱ्याच दिवसांनी घर हसले.

एक शंका आहे. आत घोड्याचे केस भरतात म्हणे. शी! घोड्याच्या केसांवर बसायचे? कारखाना आपला, कापूस आपला. सरकी काढलेला पांढराशुभ्र कापूस देतो, तो भरा.

गुपित म्हणून सांगतो. नांदेडच्या एका वकिलांची मुलगी सुधाकरला सांगून आली आहे. मुलीकडच्यांनी गाडीची चौकशी केली, तेव्हा सीटा देखण्या हव्यात. मी कापसाच्या सौद्याला मुंबईला जातो आहे, पंधरा दिवसांनी येईन. सीटा गुरुवारच्या लॉरीने पोचतील.

अमृतराव


भैंसा, १० फेब्रुवारी १९३८

भावजींना कौशल्येचा नमस्कार.

मला लिहायची सवय नाही, चुकलं तर पोटात घाला. हे मुंबईला गेले आहेत. सुधाकर शेतावर आहे. लॉरीवाला दोन्ही सीटा न्यायला आला, पण मी एकच दिली. ज्याच्यावर माणसाचा जीव जाते ते अंथरूण आपण घरात ठेवत नाही. ते त्याच्या माणसांच्या हाती द्यायचं, आणि त्यांनी त्याची वाट लावायची. अक्का गेली तेव्हा तिची वाकळ तुमीच गावाबाहेर देऊन आले होते, तसं. ही सीट दोन महिने आमच्या पडवीत पडून होती. मी यांना रोज म्हणत होते, विठूची आहे, भावजींकडे पोचवा. हे म्हणत, जाईल जाईल. त्या बाजूनं तुळशीलाही जाववत नव्हतं मला.

दुसरी सीट सुधाकरची, चाकामागची. तिच्यावर काही झालेलं नाही, म्हणून ती घरी राहू दिली. माप हवं असलं तर मागाहून पाठवीन. चाक हातात होतं म्हणून सुधाकर वाचला. विठू बाजूला, त्याला धरायला काही नव्हतं. त्या दिवशी सुधाकर घरी आला तो माझ्या मांडीत तोंड घालून एकच बोलत होता, "आई, विठूदादा सांगून राह्यला होता हळू घे म्हणून. मी ऐकलं नाही." तेव्हापासून त्यानं विठूचं नाव काढलं नाही. आता हसते, बोलते, मुलगी पाहायला जाते. पोरगं आहे, विसरायचा प्रयत्न करते, असं मी समजते.

तुमी त्याला क्षमा केली आणि त्याच्याच गाडीचं काम अंगावर घेतलं, हे ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. एवढं मन दुसऱ्या कोणाचं नसतं. मीनाक्षीला म्हणावं, मावशी येणार आहे भेटायला. तोंड दाखवायची हिंमत झाली की येते.

कौशल्या


आदिलाबाद, २४ फेब्रुवारी १९३८

अमृतराव,

तुम्ही मुंबईहून परत आला असाल असे धरून लिहितो.

एक सीट ११ तारखेला पोचली. गोणपाटात बांधलेली होती. अंगणात सोडली तेव्हा आतून मुंग्या निघाल्या. मीनाक्षी ओसरीवर होती. तिने पाहिले आणि आत गेली. मी ती सीट कारागिरासारखी पाहिली, कारण बापासारखी पाहता आली नसती.

चालकाची सीट पुढेमागे सरकते. तिच्या बुडाशी दोन लोखंडी पट्ट्या असतात. माझ्याकडे आलेल्या सीटला पट्ट्या नाहीत आणि कधी नव्हत्याही. लाकडी बुडाला चार बोल्टांची भोके आहेत, ती जागेवर पक्की बसवलेली होती. ही डाव्या बाजूची, शेजारी बसणाऱ्याची सीट आहे. मी ती उसवली. रक्त पाठीपासून खाली आलेले आहे, कातड्यातून, कापडातून, घोड्याच्या केसांच्या थरात चार बोटे उतरलेले आहे. केसांचा गठ्ठा झाला आहे. तो मी माझ्या हातांनी सोडवून पाहिला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

पंचनाम्याप्रमाणे डाव्या सीटवर सुधाकर बसला होता, आणि तो फेकला गेला, त्याला जखम नव्हती. मग हे रक्त कोणाचे?

तेरा दिवस मी हे पत्र लिहिले नाही. सरळ उत्तर द्या. गाडी कोण चालवत होते?

अनंतराव


भैंसा, ४ मार्च १९३८

अनंतराव,

तुमचे पत्र वाचून वाईट वाटले. दुःखात माणूस नको तिथे नको ते पाहतो. गाडी धडकेनंतर डावीकडे कलंडली होती. उतार डावीकडे असेल तर रक्त डावीकडेच जाणार, यात तुम्ही तीस वर्षांचा अनुभव कशाला खर्च करता? पंचनामा झाला, सह्या झाल्या, तुमचीही सही आहे.

आणि समजा, नुसते समजा, तुम्ही म्हणता तसे असले. तरी काय हाती लागणार? गेलेल्याला अमीन धरत नाही, कोर्ट शिक्षा देत नाही. विठ्ठल सगळ्याच्या पलीकडे गेला. त्याच्या नावावर चार शब्द जास्त पडले तर त्याला ते ऐकू येत नाहीत. ज्याला सगळे आयुष्य काढायचे आहे त्याचा विचार मोठ्या माणसांनी करायचा असतो. तुम्हीही बाप आहात. मीनाक्षीला काही कमी पडू देणार नाही. शाळेत विठ्ठलच्या नावाने बक्षीस ठेवू, तुम्ही म्हणाल त्या विषयाला. त्याचे नाव त्यानेच निघेल.

एक विनंती. पंचनाम्यात काय आहे ते आमच्या घरात बायकांना ठाऊक नाही. उर्दू कागद, त्यांचा काय संबंध? कौशल्येला काही कळवू नका. ती भित्री आहे.

सीटांचे आता तुमच्यावर ओझे नाही. मुंबईत तयारच मिळाल्या. लाल, खोलगट, आत रबर आहे, म्हणजे कापसाचाही प्रश्न मिटला. तुम्ही पट्ट्यांचे लिहिलेत ते उपयोगी पडले. मी दोन्ही सीटांना सरकत्या पट्ट्या लावून मागितल्या आहेत, म्हणजे डाव्या बाजूच्या माणसालाही पाय लांब करता येतील.

अमृतराव


आदिलाबाद, १२ मार्च १९३८

कौशल्याबाईंस,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. देवकाबाई लेकीकडे भैंशाला जात आहेत, त्या तुमच्या हातात देतील. एकट्या असताना वाचा.

तुम्ही समजता तसा मी कोणाला क्षमा केलेली नाही. मला क्षमा करण्याजोगे काही माहीतच नव्हते. पंचनाम्यात लिहिले आहे की गाडी विठ्ठल चालवत होता. तसे सुधाकरने आणि अमृतरावांनी सांगितले, आणि मी त्यावर विश्वास ठेवून सही केली. दोन महिने मी माझ्या मेलेल्या मुलाला मनात दोष दिला. त्याच्या फोटोकडे पाठ करून जेवलो. मीनाक्षीलाही एकदा म्हणालो, "तुझ्या नवऱ्याने एका घराची माती केली." तुमचे पत्र आले नसते तर मी तसाच मेलो असतो.

अमृतरावांना मी विचारले. त्यांचे उत्तर मी इथे उतरवून देत नाही. माणूस खोटे बोलतो ते मी समजू शकतो. माझ्या मुलाचे रक्त उतारावर गेले असे लिहून पुढच्याच ओळीत नव्या सीटांचे रबर मला कौतुकाने सांगावे, हे मला समजत नाही. मी त्यांच्या पंगतीला बसलो आहे, त्यांच्या हातचे पान खाल्ले आहे. आता ते आठवले तरी तोंड कडू होते.

मी सीट घेऊन अमीनसाहेबांकडे गेलो. त्यांनी बसवून घेतले, चहा दिला. सीट पाहिली आणि म्हणाले, "अनंतरावसाब, सीट गवाही नहीं देती. लिखा हुआ कुछ है?" तुमचे पत्र तेव्हा माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होते. मी नाही म्हणालो.

का म्हणालो ते सांगतो. तुम्ही ते अमीनसाठी लिहिले नव्हते. आपल्या वाढवलेल्या मुलाचे अंथरूण त्याच्या बापाकडे पोचवताना, बाप सगळे जाणतो असे समजून लिहिले होते. त्या विश्वासाने लिहिलेला कागद तुमच्या मुलाच्या विरुद्ध वापरायचा, आणि तुम्हाला ते बाहेरून कळायचे, हे माझ्याने होणार नाही. तसे केले तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?

तुमचे पत्र सोबत परत करतो. त्याची नक्कल मी ठेवलेली नाही. त्याचे काय करायचे ते तुम्ही ठरवा. मी तुम्हाला काही मागत नाही. मात्र मावल्याच्या बायका मीनाक्षीला भाजी देत नाहीत, हे तुम्हाला माहीत असावे.

अनंतराव


भैंसा, ३ एप्रिल १९३८

भावजी,

देवकाबाईंनी पत्र दिलं, तेव्हा मी दळत होते. तिथेच वाचलं. मग माझं परत आलेलं पत्र चुलीत घातलं. तुमच्यापासून लपवत नाही. मला वाटलं, विठू गेला, त्याला आता कोणी दुखवू शकत नाही, आणि हा माझ्या पोटचा समोर जिवंत आहे. यांच्याच तोंडची भाषा माझ्या मनात आली. तीन आठवडे मी सैपाक केला, वाढलं, यांच्याशी बोलले. एक शब्द विचारला नाही. तुमी पत्र परत पाठवलं, आणि मी असं केलं.

परवा पाडव्याला गाडीची पूजा होती. नव्या सीटा बसवून झाल्या होत्या. गाडी अंगणात आणून उभी केली, कारखान्याची माणसं गोळा केली, पेढे वाटले. सुधाकर चाकामागे बसला होता, तोंडानं गाडीचा आवाज काढून सगळ्यांना हसवून राह्यला होता. हे म्हणाले, "सीटेला कुंकू लाव." मी लावलं. लाल कातडं, त्याच्यावर कुंकू दिसेना. हे म्हणाले, "अजून लाव, दिसत नाही." मी पुन्हा बोट बुडवलं आणि कातड्यावर फिरवलं. कातडं गार होतं, थोडं चिकट. मला तिथेच उलटी झाली, सगळ्यांसमोर. सुधाकर हसत म्हणाला, "आई, गाडीत न बसताच गाडी लागली काय तुला? ये, डावीकडे बस, चक्कर मारून आणतो."

मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्याला काही आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. डावीकडची सीट हातानं थोपटून तो मला बोलावत होता. मला वाटलं, मला धरून रडलेलं पोर ते कोणतं, आणि हे कोण बसलं आहे. त्याची मला किळस आली, भावजी. स्वतःच्या लेकाची. आणि मग माझी स्वतःची आली, कारण तो असा झाला ते आमी त्याला होऊ दिलं. अजून चार वर्षं गेली तर तो खरोखरच समजेल की चाक विठूच्या हातात होतं.

म्हणून हे पुन्हा लिहिते.

मागच्या मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी इचोड्याच्या पुढे फकिराच्या बंडीला धडक झाली, तेव्हा मोटार माझा मुलगा सुधाकर चालवत होता. विठ्ठल डाव्या बाजूला बसला होता आणि त्याला हळू घे म्हणून सांगत होता. हे सुधाकरनं त्याच दिवशी मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं. मी कौशल्या, अमृतरावांची बायको, सुधाकरची आई, विठ्ठलची मावशी, हे माझ्या हातानं आणि माझ्या इच्छेनं लिहिलं आहे.

आधी मीनाक्षीला वाचून दाखवा. मग मावल्याला जाऊन मनकर्णेला वाचून दाखवा, तिथल्या बायका असताना. मग अमीनसाहेबांना द्या. मी हे स्वतः पोस्टात टाकून येते आणि आल्यावर या दोघांना सांगते. पुढे माझं काय व्हायचं ते होईल.

हे पत्र मात्र परत पाठवू नका. पुन्हा चुलीपाशी माझा भरवसा नाही.

कौशल्या